बाईंची लय सुटली नव्हती

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी त्या बाईंचा विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर माइकच्या वायरी गुंडाळायला लागायचो. आताही टाळलीच असती. पण मागच्या हिवाळ्यात वडशाला त्यांच्या आठवणीसाठी कार्यक्रम झाला आणि तिथं एका वक्त्यानं माइकवरून सांगितलं की बाई मोठ्या गायिका होत्या, मात्र शेवटी शेवटी त्यांची लय सुटली होती. लोकांनी मान हलवली. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. बाईंचं शेवटचं ध्वनिमुद्रण करणारा माणूस म्हणून मला शाल दिली होती. दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा मी उठून गोड गोड बोललो आणि खाली बसलो.

बाईंची लय सुटली नव्हती. ती का सुटल्यासारखी वाटली, हे आज जिवंत असलेल्यांपैकी फक्त मला माहीत आहे.

आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. याला झाडीपट्टीची रंगभूमी म्हणतात. वडशाहून मंडळं निघतात, गावोगावच्या शेतात मंडप पडतात, रात्रभर नाटक चालतं आणि त्यात गाणी असतात. ऑर्गन वाजवणारा रंगमंचाच्या समोर, खाली बसतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. बाईंचे मास्तर ठरलेले होते. बाई गाताना त्यांच्याकडे बघायच्या, ते बाईंकडे. बाईंना एखादी ओळ लांबवावीशी वाटली तर त्या नुसती भुवई उचलायच्या आणि मास्तर थांबायचे. लोकांनी वन्स मोर दिला तर परत कुठून उचलायचं, हेही नजरेनंच ठरायचं. मी भद्रावतीहून सायकलनं जाऊन त्यांची नाटकं बघितली आहेत. दोघांत कधी चुकामूक झालेली मी ऐकली नाही.

मी आधी रेडिओ आणि कर्णे दुरुस्त करायचो. पन्नाशी ओलांडल्यावर चंद्रपुरात घरामागच्या गोदामात स्टुडिओ काढला. भिंतींना गाद्या ठोकल्या, मधे जाड काच बसवली. काचेच्या आत गाणारा, बाहेर मी आणि संगणक. माझ्यापुढे एक लाल बटण होतं. ते दाबून मी बोललो की आतल्या माणसाला हेडफोनमध्ये ऐकू जायचं. बोट उचललं की आत पूर्ण शांतता. आत उभ्या असलेल्या माणसाला आमची तोंडं हलताना दिसायची, बाकी काही नाही. त्या काचेपलीकडे उभं राहणं म्हणजे काय असतं, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. मी स्वतः कधी तिथं उभाच राहिलो नव्हतो.

एका वर्षी बाईंच्या मंडळाच्या निर्मात्यानं ठरवलं की गाणी आधीच ध्वनिमुद्रित करून घ्यायची आणि प्रयोगात वाजवायची. नटांनी नुसते ओठ हलवायचे. नागपूरला न जाता तो माझ्याकडे आला, याचा मला फार अभिमान वाटला. मीच त्याला सांगितलं होतं की नागपूरच्या स्टुडिओपेक्षा कमी दर्जाचं काम मिळालं तर नाव बदलीन. तालीम सुरू व्हायला अजून अवकाश होता. निर्माता मला बाजूला घेऊन म्हणाला, बाईंचा आवाज यंत्रात कसा बसतो ते बघू. बसला तर नायिकेची गाणी त्यांचीच. नाही बसला तर एक नवी पोरगी बघून ठेवली आहे, तिच्या आवाजात घेऊ आणि बाईंना आईचं काम देऊ. हे बाईंनाही माहीत होतं. त्या लपवाछपवी चालू देणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यांनी त्यालाच सरळ विचारून घेतलं होतं.

सकाळी मास्तरांचा ऑर्गन आणि ताल मुद्रित झाला. ते काम झकास झालं. मग निर्मात्याला वाटलं की बाई यायच्या आत संगीत जरा भरदार करून ऐकावं. मी त्यावर घुमारा, प्रतिध्वनी असले निरनिराळे इफेक्ट चढवले. संगणक जुना, तो अडखळायला लागला. अशा वेळी त्यात एक आकडा असतो, तो वाढवला की यंत्राला श्वास घ्यायला सवड मिळते आणि अडखळणं थांबतं. मी आकडा वाढवला. पण तो वाढला की आणखी एक होतं. आत गाणाऱ्याचा आवाज संगणकात जाऊन परत त्याच्या कानात यायला उशीर लागतो. उशीर अगदी थोडा, पण गाणाऱ्याचे पाय त्यात अडकतात. म्हणून कोणी गायला उभं राहायच्या आधी तो आकडा परत खाली आणायचा असतो. रोजची गोष्ट. दुपारी निर्मात्यानं डबा उघडला, आम्ही वांग्याची भाजी खाल्ली, बाई आल्या, आणि मी विसरलो.

माइकमध्ये आवाज नको म्हणून पंखा, एसी सगळं बंद. ऑक्टोबरातलं चंद्रपूर. बाईंनी पदर खोचला, हेडफोन डोक्यावर घेतला आणि सवयीनं समोर बघितलं. समोर काच होती. मास्तर माझ्या बाजूच्या खुर्चीवर होते. बाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, त्यांनीही हलवली. पण आता त्या मानेला काही अर्थ नव्हता, कारण ऑर्गन सकाळीच वाजून झाला होता.

पहिल्या वेळी बाई ठेक्याच्या जरा मागे राहिल्या. मी बटण दाबून म्हणालो, "छान झालं, बाई. एकदा परत घेऊ या."

स्टुडिओत मी असंच रेडिओवरच्यासारखं बोलायचो. बाहेर मीही मले-तुलेच करतो.

बाई आतून म्हणाल्या, "भाऊ, मले माहा आवाज मांगून येऊन राह्यला जी."

"हेडफोनची सवय नसली की तसं वाटतं. दोन-तीनदा गायलं की बसेल."

मी हे हसून म्हणालो. यंत्राकडे बघितलंही नाही. इतक्या गायकांनी माझ्याकडे इतक्या तक्रारी केल्या होत्या, आणि बहुतेक वेळा ती भीतीच असायची. म्हणून मी सगळ्यांना हेच उत्तर देत असे.

परत झालं, परत मागे पडल्या. मास्तरांनी हळूच विचारलं, मी आत जाऊन त्यांच्यापुढं बसू का, काही वाजवणार नाही, नुसता बसीन. मी नाही म्हटलं. खुर्ची वाजेल, श्वास येईल, अशी कारणं दिली. खरं कारण हे की माझ्या स्टुडिओत काम कसं करायचं ते दुसऱ्यानं सांगितलेलं मला आवडत नव्हतं.

निर्माता सोफ्यावर पाय पसरून बसला होता. त्यानं एका नटाचा किस्सा सांगितला. तो नट मरणाच्या प्रसंगात डास चावला म्हणून उठून बसला होता आणि मागून कोणीतरी ओरडलं होतं, 'अरे, मेला होतास ना बे!' आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो. हसता हसता काचेतून बघितलं तर बाई आमच्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांचं गाणं नुकतंच संपलं होतं. त्यांना किस्सा ऐकू गेला नव्हता, हसणं मात्र दिसलं होतं. त्या क्षणी बटण दाबून एवढं म्हणायला हवं होतं की बाई, आम्ही दुसऱ्याच गोष्टीवर हसून राह्यलो. मी गप्पकन तोंड मिटलं. त्यानं आणखी वाईट झालं असणार.

त्यानंतर बाई स्वतःला सावरायला लागल्या. आवाज मागून येतो तर आपण आधीच निघावं, असं त्यांनी ठरवलं असावं. त्या ठेक्याच्या पुढे पळाल्या. मी म्हणालो, आता घाई होते आहे. मग त्या थांबून थांबून गायल्या. मी म्हणालो, आता मागे पडताय. एकाच गाण्यात मी त्यांना पुढे ढकललं आणि मागे ओढलं. दर वेळी सुरुवात 'छान झालं' अशीच. खोटं छान ऐकणाऱ्याला लगेच कळतं. बाईंच्या ब्लाउजची पाठ घामानं भिजली होती. मी एसी लावू का विचारलं. त्या म्हणाल्या, नको, गरमीनं नाई होऊन राह्यलं हे.

मग एक गोष्ट घडली. बाईंनी हेडफोनचा एक कप कानावरून मागे सरकवला. एका कानात संगीत आणि दुसरा कान मोकळा, म्हणजे खोलीतला स्वतःचा आवाज थेट ऐकू यावा. आणि त्या गायल्या. कशा गायल्या, ते मी इथं शब्दांत सांगायला बसणार नाही. ठेका त्यांच्या आवाजाखाली जमिनीसारखा पसरला, एवढंच सांगतो. मास्तर खुर्चीत ताठ झाले. त्यांची बोटं मांडीवर पडायला लागली, जणू ऑर्गन तिथं होता. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "हेच ठेवा."

मी नुसता आवाज वेगळा काढून ऐकला. मोकळ्या कपातून संगीत गळून माइकमध्ये शिरलं होतं. शांत जागी मागे ठेक्याची टिकटिक ऐकू येत होती. ते चाललं असतं. शेतातल्या कर्ण्यांवर ती टिकटिक कोणाला ऐकू आली असती? पण नागपूरच्या स्टुडिओवाल्याला आली असती, आणि माझ्या डोक्यात नागपूर बसलं होतं.

मी बटण दाबलं. "बाई, हेडफोन दोन्ही कानांवर ठेवा."

"एका कानानं बरं होते, भाऊ. माहा मले आयकू येते."

"स्टुडिओत तसं चालत नाही."

शाळेतली पोरगी ओढणी नीट करते तसा त्यांनी तो कप कानावर बसवला. आणि मी नवीन टेकसाठी जागा करताना मागचा, तो एकमेव चांगला टेक पुसून टाकला. मास्तरांनी बघितलं. त्यांनी डोळ्यांवरून चष्मा काढला.

पुढचं फार लांबलं नाही. अंतऱ्याच्या मधेच बाई थांबल्या. संगीत पुढे चालत राहिलं, त्या उभ्या. मग त्या मास्तरांकडे बघून बोलल्या. आमच्या खोलीतल्या स्पीकरवर ते आलं, "मास्तर, काय होऊन राह्यलं जी मले?"

मास्तर पुढे वाकले आणि बोलायला लागले. बाई, तुमचं काही चुकलं नाई, जरा बाहेर येऊन बसा, असं काहीतरी. पण बटण माझ्या बोटाखाली होतं आणि मी ते दाबलं नाही. निर्माता माझ्याकडे बघत होता. कामाच्या मधे असला हळवेपणा त्याला दाखवावा असं मला वाटलं नाही. मास्तरांचे ओठ हलत राहिले. बाई ते ओठ बघत राहिल्या. इतकी वर्षं ज्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्यांनी सगळं ओळखलं, तो चेहरा समोर होता आणि त्यांना काही कळत नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडे वळून बघितलं. तोपर्यंत निर्माता उठला होता. म्हणाला, बस झालं, बाईंना थकवू नका.

बाई बाहेर आल्या. मला म्हणाल्या, लई वेळ घेतला भाऊ तुमचा. मी म्हटलं, नाही नाही. निर्मात्यानं जाताना शेवटचे दोन टेक पेनड्राइव्हवर मागितले. ते देऊ नयेत असं मला वाटलं होतं, तरी दिले. पुढच्या आठवड्यात ती नवी मुलगी आली, तिच्या आवाजात गाणी झाली. तिच्या दिवशी संगीत आधीच तयार होतं, म्हणून मी ते साध्या नव्या फाइलमध्ये घेतलं. तिथं आकडा खालीच होता आणि तिच्या कानात आवाज वेळेवर गेला. ती बिचारी चांगलीच गायली.

काय झालं होतं ते मला त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं. एका दुकानाची जाहिरात रिक्षावर फिरवायची होती. बोलणारा आला नाही, म्हणून मीच आत जाऊन उभा राहिलो. घाईत संगणकावर बाईंच्या गाण्याचीच जुनी फाइल उघडली होती. हेडफोन घातला, 'माता-भगिनींनो' म्हटलं आणि अडखळलो. माझा शब्द माझ्या मागून येत होता. परत म्हटलं, परत जीभ अडकली. एक कप सरकवला, नीट बोलता आलं. मी तिथंच हेडफोन धरून उभा राहिलो. बाहेर येऊन आकडा बघायची गरज नव्हती. तरी बघितला.

वडशाची तालीम तेव्हा सुरू व्हायची होती. एक फोन पुरला असता. बाई, परत या, माझी चूक झाली, एवढंच. पण निर्माता ठिकठिकाणी माझं नाव घेत होता. आणखी दोन मंडळं माझ्याकडे यायच्या बेतात होती. आकडा खाली आणायला विसरणारा माणूस, हे ऐकल्यावर ती आली असती का? मी मास्तरांना फोन लावला. त्यांनी उचलला, म्हणाले, बोला. मी विचारलं, तुमच्या चष्म्याचं घर माझ्याकडे राहिलं का? ते म्हणाले, नाही, माझ्याजवळच आहे. तरी त्यांनी फोन ठेवला नाही. ते वाट बघत होते, असं आता वाटतं. मी फोन ठेवला.

त्या हंगामात बाई आईच्या कामात होत्या. एकही गाणं नाही. निर्मात्यानं ते टेक लोकांना ऐकवले, आपण नवी गायिका का घेतली त्याचा पुरावा म्हणून. मग ते मोबाइलवरून फिरले. संक्रांत झाली आणि बाईंनी मंडळ सोडलं. मास्तर एकदा बाजारात भेटले, तेव्हा सांगत होते की बाई घरी बसून टाळी देत राहतात, आपण मागे पडतो का ते तपासतात. गावातल्या भजनालाही बसत नाहीत. म्हणतात, मी बसली त सगळ्यायचंच बिघडवीन.

काही वर्षांनी मी बाईंना भेटायला गेलो. बाई गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याच्या बाजूला भाचीकडे राहायच्या. धान कापून झालं होतं, बांधांवर तूर उभी होती. बाजूच्या बंगाली निर्वासितांच्या गावातून मासे घेऊन आलेला सायकलवाला अंगणात भाचीशी घासाघीस करत होता. बाईंनी मला लगेच ओळखलं. खाटेवर बसवलं, चहा केला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी वाटेत बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. मासेवाला गेल्यावर मी म्हणालो, बाई, त्या दिवशी स्टुडिओत...

त्यांनी हात वर केला. "त्या दिवसाचं मी कोनाले बी सांगतो, भाऊ. तुमी एक डाव आवाज चढवला नाई. दुसरा असता त मले हाकललं असतं. माहीच लय गेली होती. ते मानून घ्यायले मले दोन सालं लागले. आता मानलं, आता झोप येते."

मी चहा प्यायलो. स्वतःला समजावलं की यांना आता खरं सांगणं म्हणजे यांची झोप मोडणं. ही समजूत मला फार सोयीची होती. संध्याकाळच्या बसनं परत आलो.

त्यानंतर मी काम बदललं, हे खरं. गायक येण्याआधी मी स्वतः आत जाऊन, हेडफोन घालून, दोन ओळी गुणगुणून बघतो. गाणं संपलं की आधी बटण दाबतो, मग विचार करतो. सांगायला काही नसेल तर 'थांबा, ऐकून राह्यलो' एवढंच म्हणतो. साथीदाराला गाणाऱ्याच्या नजरेपुढं बसवतो, खुर्ची वाजली तर वाजू दे. आवाज कसा येतो, असं कोणी सांगितलं की आधी यंत्र तपासतो. नवी पोरं म्हणतात, काकांकडे गायला भीती वाटत नाही. मी ते ऐकून घेतो.

मास्तर आधी गेले, मग बाई. निर्मात्याला आकड्याचं कधी कळलंच नाही. म्हणून वडशाच्या त्या मांडवात जे बोललं गेलं, त्याला खोटं म्हणू शकणारा मी एकटाच होतो, आणि मी शाल घेऊन बसलो. आता ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी हे वाचावं. आणि मुलचेऱ्याच्या त्या खाटेवर जे मला बोलता आलं नाही, ते असं होतं:

बाई, तुमच्या कानात आवाज उशिराच येत होता. तुमी मले सांगतलं, मी आयकलं नाई. तुमी एक कान मोकळा करून रस्ता काढला, तो बी मी बंद केला. चूक माह्या यंत्राची होती, आन् ते मले तालमीच्या आधीच कळलं होतं, तरी मी तुमाले सांगतलं नाई. तुमी घरी बसून टाळ्या मोजल्या, त्या माह्यामुळं. मले माफ करा, बाई.